भुसावळचं ऊन आणि बिस्किटांची आगगाडी

प्रश्न थोडक्यात असा. भुसावळच्या एका ताईंच्या मुलाचा सहावा वाढदिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. वडील रेल्वेत, म्हणून पोराला बिस्किटांची आगगाडी हवी. इंजिन, डबे, सिग्नल, सगळं रंगीत. चाळीस मुलं येणार आहेत. घरी २० लिटरचं ओटीजी (विजेची छोटी भट्टी) आहे, अंडं चालत नाही. दोनदा करून पाहिलं, तर इंजिन पसरून त्याचा बटाटा झाला, निळा डबा भट्टीतून हिरवा निघाला, आणि वरचं आइसिंग रात्रभर कुलरसमोर ठेवूनही चिकटच राहिलं, लाल-पांढरा एकमेकांत उतरला. वरून सासूबाईंचं म्हणणं की बाजारचा रंग पोरांच्या पोटात नको. ताई विचारतात, रेसिपी बदलू का? आणि ओटीजीऐवजी बेकरीच्या भट्टीवर नेऊ का?

ताई, रेसिपी बदलावी लागेलच, पण तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत. इंजिन पसरलं ते तुपामुळे, सोड्यामुळे आणि गोळा गरम असल्यामुळे. निळा हिरवा झाला तो पिवळ्या तुपामुळे. आणि आइसिंग वाळलं नाही ते कुलरमुळेच. जळगावात मी घरून ऑर्डरी घेते, आणि उन्हाळ्यात माझं धोरण ठरलेलं आहे: रंग गोळ्यातच घालायचा, आइसिंग फक्त नंबर आणि रेघांपुरतं. चाळीस मुलांसाठी ऐंशी-नव्वद बिस्किटं लागतात. त्या प्रत्येकावर दोन-तीन रंगांचं आइसिंग भरायचं, प्रत्येक रंग वाळायची वाट पाहायची, आणि हे सगळं मे महिन्यात एकट्या बाईने करायचं, याला काही अर्थ नाही. गोळाच रंगीत असला की बिस्किट भट्टीतून तयार होऊनच बाहेर येतं.

आधी पसरण्याचं बघू. तुमचं प्रमाण "तूप, मैदा, पिठीसाखर, चिमूटभर सोडा" असं लिहिलंय, म्हणजे ती नानकटाई आहे. नानकटाई पसरावी, फुगावी, वर भेगा पडाव्यात यासाठीच तर तिच्यात सोडा असतो. आकाराच्या बिस्किटाला नेमकं हेच नको. तेव्हा सोडा नाही, बेकिंग पावडरही नाही. दुसरं तूप. साजूक तुपात पाणी जवळजवळ नसतंच. बटरमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश आणि उरलेलं बहुतेक पाणी. ते थोडं पाणी मैद्याला धरून ठेवतं, म्हणून बटरचा गोळा लाटता येतो, त्याला कटरने स्वच्छ कड पडते. तुपाचा गोळा लाटायला गेलं की कडेने फाटतो. तूपच वापरायचं असेल तर २०० ग्रॅम बटरच्या जागी १६० ग्रॅम तूप घ्या आणि दूध दोन चमचे वाढवा, पण मग इंजिनाचे बारीक कोपरे विसरा. घरचं लोणी या कामाला नको. त्यात ताक किती राहिलंय हे दरवेळी वेगळं, त्यामुळे एक घाणा जमतो आणि दुसरा पसरतो.

साखर पिठीच हवी, आणि चाळलेली. दाणेदार साखर भट्टीत वितळते आणि बिस्किटाला सोबत घेऊन पसरते.

आता प्रमाण. एका घाण्याला बिनमिठाचं पांढरं बटर २०० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, दूध ३० मिली, व्हॅनिला एक चमचा. कोरड्यात मैदा ३५० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम, मीठ पाव चमचा. सहा सेंटिमीटरचा कटर आणि पाच मिलिमीटर जाडी धरली तर यात चाळीसच्या आसपास बिस्किटं होतात. तुम्हाला याच्या दुप्पट करावं लागेल, आणि तुटफुटीसाठी थोडं जास्त. कॉर्नफ्लोअर गाळू नका. अंडं नाही, फुगवणारं काही नाही, अशा वेळी तेच बिस्किटाला खुसखुशीत ठेवतं.

रंग कधी घालायचा, इथे बहुतेकजणी फसतात. सगळा गोळा तयार करतात, त्याचे पाच भाग करतात आणि मग एकेका भागात रंग मळत बसतात. मळता मळता बटर हाताच्या उबेने सुटतं, मैद्याला चिवटपणा येतो, आणि तरी रंगाच्या रेषा राहतातच. त्यापेक्षा रंग मैद्याच्या आधी घाला. बटर, साखर आणि दूध एकत्र फेटलं की ते मिश्रण ३८० ग्रॅम भरतं. कोरडं मिश्रण भरतं ३९० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ वजनाला वजन. लाल शंभर ग्रॅम हवा असेल तर फेटलेलं मिश्रण ५० ग्रॅम एका वाटीत काढा, त्यात लाल रंग चमच्याने फेटा, वर ५० ग्रॅम मैद्याचं मिश्रण घाला आणि गोळा होईपर्यंतच हलवा. रंग स्निग्धांशात एकसारखा पसरतो, मळायची गरजच पडत नाही. मैदा घालण्याआधी वाटीतला रंग तुम्हाला हव्या त्यापेक्षा दोन छटा गडद दिसला पाहिजे, कारण मैदा पडला की तो फिका होतो. नंतर गोळा फ्रिजमध्ये विसावला की थोडा परत चढतो.

जेल रंग, म्हणजे दाट पेस्टसारखा मिळतो तो, वापरा. पाण्यासारखा पातळ रंग थेंबाथेंबाने घालत गेलात की गोळ्यात पाणी वाढतं, आणि आपण एवढं मोजूनमापून घातलेलं दूध फुकट.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं. मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, आणि सकाळी अकराला स्वयंपाकघरात ओटीजी चालू असताना ओट्यावर किती असेल ते सांगायला नको. म्हणजे तुमचं इंजिन ट्रेवर ठेवतानाच वितळायला लागलेलं होतं, भट्टीचा दोष नव्हता. लाटण्याचं आणि कापण्याचं काम पहाटे उरकायचं. साडेचार-पाचला उठलात तर आठपर्यंत सगळं कापून फ्रीजरमध्ये जातं. घरात एसीची खोली असेल तर पोळपाट तिकडे न्या.

गोळ्याचा गोळाच फ्रिजमध्ये ठेवू नका. तो दगड होतो, आणि मग लाटताना पुन्हा मऊ करण्यात अर्धा तास जातो. मऊ असतानाच दोन बटर पेपरच्या मध्ये लाटा. दोन्ही बाजूंना पाच मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवल्या की लाटणं त्यांच्यावरून फिरतं आणि जाडी आपोआप सारखी राहते. कोरडा मैदा भुरभुरायची गरज नाही. नाहीतर लाल बिस्किटावर पांढरे डाग पडतात. ही लाटलेली पानं बटर पेपरसकट सपाट ताटावर एकावर एक रचून फ्रिजमध्ये तासभर. मग एकेक पान बाहेर काढायचं, कापायचं, तुकडे ट्रेवर मांडायचे आणि ट्रे पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये. तिथून थेट तापलेल्या ओटीजीत. कापताना पान मऊ वाटलं तर तिथेच थांबा आणि परत आत ठेवा. बोट दाबून पाहा: ठसा उमटला तर कापायचं नाही.

इंजिनासाठी कटर शोधत फिरू नका. जाड पुठ्ठ्याचा आकार कापा, त्यावर चिकटपट्टी लावा, गार पानावर ठेवा आणि टोकदार सुरीने कडेने फिरवा. आकार ठोकळ ठेवा. वाफेच्या इंजिनाचं बारीक धुराडं दिसायला छान, पण तेच आधी करपतं आणि तेच आधी मोडतं. भुसावळच्या पोरांना तसंही विजेचं इंजिन ओळखीचं आहे, तुमच्या गावात विजेच्या इंजिनांची शेडच आहे. पुढून तिरपी कापलेली एक लांब पट्टी पुरते: पांढरा गोळा आणि मध्ये लाल पट्टा, डब्ल्यूएपी-७ सारखा. पट्टा चिकटवायचा नाही. पांढऱ्या पानातून पट्टी कापून काढा, लाल पानातून तेवढीच पट्टी कापून त्या जागी बसवा, वर बटर पेपर ठेवून लाटणं एकदा हलकेच फिरवा. सांधा भट्टीत जुळतो. मग पुठ्ठा ठेवून इंजिन कापा. चाकांसाठी कोको घातलेल्या गोळ्याच्या चकत्या, आइसिंगच्या नोझलच्या मागच्या गोल तोंडाने कापलेल्या.

डबे निळे करायचा हट्ट सोडा असं मी सांगेन. हल्ली एलएचबीचे, म्हणजे नव्या पद्धतीचे, लाल-करडे डबे धावतातच, पोरांना ते माहीत आहेत. निळाच हवा असेल तर मात्र बटर पांढरंच पाहिजे. पिवळ्या खाऱ्या बटरला पिवळेपणासाठी ॲनाटो म्हणजे शेंद्रीचा रंग लावलेला असतो. त्यात निळा घातला की हिरवाच होणार, शाळेत शिकलो तसा. गाईच्या तुपाचंही तेच. म्हशीचं तूप पांढरं असतं, कारण म्हैस चाऱ्यातलं कॅरोटीन पिवळं ठेवत नाही, त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते. निळ्याला ते चालतं. एवढं करूनही निळा थोडा हिरवट वाटला तर जांभळ्या जेलचा सुईच्या टोकाएवढा ठिपका घाला, पिवळेपणा मरतो.

सगळे रंग भट्टीत मरतात ते वरचा थर तांबूस झाल्यामुळे. म्हणून रंगीत बिस्किटं १५० ते १६० अंशांवर चौदा-सोळा मिनिटं भाजा. साध्या बिस्किटांसारखं १७०-१८० नको. ओटीजी आधी पंधरा मिनिटं तापवलेलं हवं. अर्धवट तापलेल्या भट्टीत बटर आधी वितळतं आणि मैदा मागाहून धरतो, पसरण्याचं हेही एक कारण. लहान ओटीजीत वरची सळई फार जवळ असते, म्हणून ट्रे खालच्या खाचेत ठेवा. दहाव्या मिनिटाला फिका पिवळा किंवा पांढरा रंग तांबूस होऊ लागलाय असं दिसलं तर वर फॉइलचा कागद सैलसर टाका. बाहेर काढताना बिस्किट मऊच लागेल, ते बरोबर आहे. ट्रेवर पाच मिनिटं राहू द्या, मग जाळीवर. तुमच्या ट्रेवर एका वेळी नऊ-दहा बसतील, म्हणजे भाजायच्या नऊ-दहा फेऱ्या, अडीच-तीन तास. दोन ट्रे ठेवा आणि आलटूनपालटून वापरा. गरम ट्रेवर गार बिस्किटं मांडलीत तर पहाटे उठल्याचा काही उपयोग नाही.

लाल रंगाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथेच सासूबाईंचा मुद्दा येतो, आणि तो अगदी चुकीचा नाही. आपल्याकडे खाण्यासाठी परवानगी असलेले कृत्रिम रंग आठच आहेत: टार्ट्राझीन आणि सनसेट यलो हे पिवळे-केशरी, कार्मोइसीन, पॉन्सो ४आर आणि एरिथ्रोसिन हे लाल, ब्रिलियंट ब्लू आणि इंडिगो कार्मिन हे निळे, आणि फास्ट ग्रीन. बिस्किटांत यांची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम. तुमच्या एका घाण्याचं भाजल्यावर वजन ७०० ग्रॅमच्या आसपास भरेल, म्हणजे शुद्ध रंग ७० मिलिग्रॅम. नखावर राहील एवढा. बाटलीतल्या जेलमध्ये शुद्ध रंग थोडाच असतो, बाकी ग्लुकोज, पाणी वगैरे, पण तरी त्याचा अर्थ असा की चित्रात दिसतो तसा भडक टोमॅटो लाल गोळ्यात आणायला गेलात की मर्यादा ओलांडायची भीती, आणि चवीला कडवटपणा येतो तो वेगळा. मी लाल गोळ्यात एक लहान चमचा कोको टाकते. रंग विटकरी होतो, डब्याला तोच शोभतो, आणि लाल जेल निम्मं लागतं.

बाटली घेताना लेबलवर एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा) परवाना क्रमांक आणि रंगाचं नाव किंवा नंबर (१०२, ११०, १२२, १३३ असे) आहे का ते पाहा. नुसतं "खाण्याचा रंग" लिहिलेली सुटी पुडी घेऊ नका. मेटॅनिल यलो आणि ऱ्होडामाइन बी हे कापडाचे, कागदाचे रंग अजूनही खाण्यात सापडतात. २०२४ च्या फेब्रुवारीत तमिळनाडू सरकारने बुढ्ढी के बाल विकायला बंदी घातली ती ऱ्होडामाइन बी सापडलं म्हणूनच. येणाऱ्या मुलांपैकी कुणाला रंगाने अंगावर पित्त उठतं का हेही आधी त्यांच्या आयांना विचारून ठेवा. टार्ट्राझीनने काहींना होतं.

घरचे रंग चालतात का? काही चालतात, काही भट्टीत दगा देतात. हळद उत्तम. शंभर ग्रॅम गोळ्याला दोन चिमटी पुरे, व्हॅनिला असला की वास येत नाही. फक्त त्या गोळ्यात सोडा जाऊ देऊ नका, पिवळ्याचा तांबडा होईल. कुंकू हळदीला चुना लावूनच करतात, हा तोच प्रकार. कोको अर्थातच चालतो. बीट चालत नाही. गोळ्यात सुंदर गुलाबी दिसतं आणि भाजल्यावर मळकट तपकिरी निघतं, कारण त्याचा रंग उष्णतेला टिकत नाही. बीट आइसिंगमध्ये वापरा, लिंबाचे दोन थेंब टाकून. गोकर्णीच्या फुलांचा निळाही भट्टीत विटतो. पालकाची पूड हिरवी राहत नाही, बसका शेवाळी रंग येतो.

पण तो शेवाळी रंग एका ठिकाणी फार कामाचा. आगगाडीला मालडबा जोडा आणि त्यात आपला माल भरा. एका डब्यावर केळी, हळदीच्या गोळ्याची. रावेर-सावद्याची केळी वर्षानुवर्षं रेल्वेनेच दिल्लीला गेली आहेत. दुसऱ्यावर भरताची वांगी, पालकाच्या गोळ्याची. बाहेरगावचा कुणी वांगं काढायला सांगितलं की जांभळं काढतो. आपलं बामणोदचं भरताचं वांगं फिकट हिरवं असतं, अंगावर पांढरट रेघा असलेलं. त्या रेघा पांढऱ्या गोळ्याच्या बारीक दोऱ्या करून वर दाबा. केळी आणि भरताचं वांगं, दोघांनाही २०१६ मध्ये जळगावच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पोरांना त्याचं काही नसेल, पण पार्टीला आलेल्या मोठ्या माणसांना बोलायला विषय होतो. आणि सासूबाईंना दाखवायला पूर्ण घरच्या रंगाचे दोन डबे होतात.

सिग्नल मात्र मी गोळ्याच्या रंगाने करणार नाही. त्याला काचेच्या बिस्किटाची युक्ती वापरा, सगळ्यांत जास्त पोरं तिथेच जमतात. कोकोच्या पानातून चार बाय नऊ सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा आणि प्रत्येकीत बाटलीच्या लहान झाकणाने तीन भोकं पाडा, दीड-दोन सेंटिमीटरची. ट्रेवर पक्का बटर पेपर किंवा सिलिकॉनची चटई हवी, तेल लावलेला पत्रा चालणार नाही. पट्ट्या दहा मिनिटं भाजा. तोवर लिमलेटच्या किंवा संत्र्याच्या कडक गोळ्या रंगवार वेगळ्या करा, पिशवीत घालून बत्त्याने ठेचा. गोळ्या आरपार दिसणाऱ्या हव्यात. रावळगाव इथून जवळच, मालेगाव तालुक्यातलं. तिथल्या नावाने विकल्या जाणाऱ्या साध्या फळांच्या गोळ्या मिळाल्या तर त्या घ्या. दुधाळ किंवा टॉफीसारख्या नकोत. ट्रे बाहेर काढून प्रत्येक भोकात चुरा काठोकाठ भरा आणि परत चार-पाच मिनिटं आत. चुरा वितळून सपाट झाला, बुडबुडे यायला लागले की लगेच बाहेर. जास्त ठेवलात तर हिरवा तपकिरी होतो. मग ट्रेला हात लावायचा नाही, पूर्ण गार होईपर्यंत. उचलून खिडकीसमोर धरलं की दिवा लागल्यासारखा दिसतो.

आणि रंगांचा क्रम जपा. रस्त्यावरच्या सिग्नलला लाल वर असतो, रेल्वेच्या तीन दिव्यांच्या सिग्नलला लाल सगळ्यांत खाली आणि हिरवा वर. रेल्वे कॉलनीतली पोरं ही चूक पहिल्या मिनिटात काढतील, आणि त्यांचे बाप दुसऱ्या.

चार वर्षांच्या आतलं कुणी असेल तर त्याला काचेचं बिस्किट देऊ नका. तो थर फुटला की धारदार तुकडे होतात. त्याच्यासाठी साधं केळं ठेवा.

आता आइसिंग आणि कुलर. मेमधली आपली हवा इतकी कोरडी असते की आइसिंगला कोकणातल्या बाईने हेवा करावा. साध्या पंख्याखाली बारीक रेघ तास-दोन तासांत कडक होते. पण तुम्ही ती कुलरसमोर ठेवलीत. कुलर पाण्यातून हवा ओढतो, ती गार होते आणि तेवढीच दमट. साखरेला हवेतलं पाणी ओढायची सवय, त्यामुळे आइसिंग वाळायच्या ऐवजी ओलंच राहतं आणि गडद रंग फिक्यात उतरतो. वाळ्याचे पडदे लावलेली खोलीही तशीच. बिस्किटं आणि काचेचे सिग्नल दोन्ही कुलर नसलेल्या खोलीत, पंख्याखाली. फ्रिजमध्ये तर मुळीच नाही, बाहेर काढल्यावर घाम सुटतो आणि ठिपके पडतात.

अंडं नाही म्हणून आइसिंग काबुली चण्याच्या पाण्यावर करा. चणे बिनमिठाचे शिजवा, पाणी निम्मं आटवून गार करा. त्याचे दोन मोठे चमचे, लिंबाचे पाच-सहा थेंब, आणि २०० ग्रॅम आइसिंग शुगर थोडी थोडी घालत बीटरने पाच-सात मिनिटं फेटा. चण्याचा वास साखरेत जातो, कुणाला कळत नाही, आणि जैन घरातल्या मुलांनाही चालतं. दाटपणा पाहायला त्यात सुरीने रेघ ओढा. रेघ वीस सेकंद टिकली तर खिडक्या आणि नंबर काढायला योग्य, दहा सेकंदांत मिटली तर भरायला. तुम्हाला भरायचं नाहीच, म्हणून दाटच ठेवा. दुधाच्या पिशवीचा कोपरा धुऊन त्याचा कोन केला तरी भागतं. पांढऱ्या रेघा आधी, त्या वाळल्यावर गडद.

बिस्किटं आठवडाभर आधी करून ठेवता येतात. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, घराच्या मधल्या खोलीत. गच्चीखालच्या खोलीत ठेवू नका. तिथे दुपारी बटर सुटतं आणि आइसिंगवर तेलकट डाग चढतात. सिग्नल शक्यतो आदल्या दिवशी करा. हॉलवर न्यायचं असेल तर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डबे सोडून जेवायला बसू नका. पार्टीत सगळं एकदम टेबलावर मांडू नका. फोटोपुरती एक गाडी मांडा, बाकीच्या डब्यातूनच वाटा.

उरलेल्या रंगीत तुकड्यांचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. सगळे तुकडे एकत्र दाबा, मळू नका, लाटा आणि कापा. संगमरवरी डबे निघतात, आणि पोरं भांडतात ती त्याच्यासाठीच. एकापेक्षा जास्त वेळा मात्र नाही, दुसऱ्या लाटण्याला रंग मातकट होतो.

शेवटचा प्रश्न, ओटीजीऐवजी बेकरीच्या भट्टीवर नेऊ का. सुट्टीत आणि दिवाळीत आपण रवा-मैदा-तूप घेऊन भट्टीवर बिस्किटं पाडून आणतोच, तेव्हा विचार साहजिक आहे. नव्वद बिस्किटं दोन ट्रेमध्ये होतात, विजेचीही काळजी नाही. पण भट्टी पावासाठी तापलेली असते आणि तुमचे रंग तिथे पाच मिनिटांत करपतील. आदल्या दिवशी भट्टीवाल्या दादांशी बोलून घ्या. पावाचे घाणे निघून भट्टी निवल्यावर, नानकटाई लावतात त्याच्याही नंतर तुमचा ट्रे लावायला सांगा, आणि आधी दोनच बिस्किटं टाकून बघायला सांगा. त्यांचे काळे पत्र्याचे ट्रे खालून पटकन लाल करतात, म्हणून खाली दुहेरी कागद घाला. कापलेली बिस्किटं बर्फ ठेवलेल्या थर्मोकोलच्या खोक्यातून न्या, बर्फाची पिशवी खाली आणि ताट वर. काचेचे सिग्नल भट्टीवर देऊ नका, ते घरीच. आणि तिथे स्वतः उभ्या राहा. "थोडं लालसर झालं की काढतो" ही त्यांची वर्षांची सवय आहे, आणि तुम्हाला ते लालसर व्हायच्या आधी हवंय.